मास्टवर (शिडाच्या डोलकाठीवर) स्वतः फिटिंग बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून हे प्रश्न येतात ते दोन प्रकारच्या मंडळींकडून. एक, धरणाच्या गोड्या पाण्यात डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची होडी, चालवणारे. दोन, मुंबई-अलिबागकडे बोट ठेवून शनिवारी पहाटे घाट उतरणारे. काम तेच असलं तरी खाऱ्या पाण्यात चुकीची किंमत फार लवकर मोजावी लागते, म्हणून जिथे उत्तर बदलतं तिथे तसं लिहिलं आहे. सगळं मुख्यतः अॅल्युमिनियमच्या मास्टबद्दल आहे. लाकडी आणि कार्बन मास्टसाठी थेट प्रश्न १६ पाहा.

१. मास्टवर एक क्लीट (दोरी अडकवून बांधायची खुंटी) बसवायचंय. ड्रिल हातात घेण्याआधी काय बघू?

भोक खरंच हवंय का, ते बघा. ब्लॉक (दोरीची कप्पी) अडकवायचा असेल तर डायनिमाच्या, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचे तीन-चार वेढे मास्टभोवती घट्ट बांधूनही काम होतं. ते खाली सरकू नये म्हणून आधीच्या एखाद्या फिटिंगचा आधार घ्या. हलक्या वस्तूंना हे पुरतं आणि आवडलं नाही तर सोडता येतं. भोक सोडता येत नाही.

दुसरं, शर्यतीत उतरणार असाल तर तुमच्या बोटीच्या वर्गाचे, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या बोटींना लागू असलेले नियम वाचा. आयएलसीए, म्हणजे जुन्या लेझरसारख्या वन-डिझाइन, म्हणजे सगळ्या सारख्याच असाव्या लागणाऱ्या बोटीत मास्टला परवानगीशिवाय काहीही जोडलं तर मोजणीत बोट बाद होऊ शकते. एंटरप्राइजसारख्या वर्गात मोकळीक जास्त असते, पण तिथेही चालू वर्षाचे नियम पाहूनच पुढे जा.

२. मास्टची भिंत किती जाड आहे हे कसं कळणार? कागदपत्रं काहीच नाहीत.

खालचं टोक उघडं असेल तर व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा, पण एकाच जागी नको, चार ठिकाणी मोजा. शिडाची कड सरकवायची खाच असते त्या बाजूला धातू जाड असतो आणि बाजूंना पातळ. तुम्हाला जिथे बसवायचंय तिथली जाडी महत्त्वाची.

टोक बंद असेल आणि जवळ एखादं जुनं भोक असेल तर बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून आत घाला, आतल्या कडेला अडकवून ओढा, बाहेरच्या पृष्ठभागाशी तारेवर खूण करा आणि तार बाहेर काढून मोजा. तारेची स्वतःची जाडी वजा करायला विसरू नका. डिंगीच्या मास्टला साधारण १.५ ते २.५ मिमी भिंत आढळते, लहान कीलबोटीला (तळाला जड कील असलेल्या बोटीला) ३ मिमीच्या आसपास किंवा थोडी जास्त. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका आकड्यावर अवलंबून आहेत.

३. रिव्हेट मारू की आटे पाडून स्क्रू लावू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. रिव्हेट म्हणजे गनने दांडी ओढून आतल्या बाजूला फुलवायचा पोकळ खिळा. दोन गोष्टींवर ठरवा: भिंतीची जाडी आणि ओढ कोणत्या दिशेने आहे.

स्क्रूला धातूत निदान तीन पूर्ण आटे मिळायला हवेत. एम४, म्हणजे ४ मिमी जाडीच्या स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७ मिमी, एम५ चा ०.८ आणि एम६ चा १ मिमी. म्हणजे एम५ ला किमान २.४ मिमी आणि एम६ ला किमान ३ मिमी भिंत लागते. २ मिमीच्या भिंतीत एम६ चे आटे पाडले तर स्क्रू आवळताना छान वाटतो आणि पहिल्याच जोरदार वाऱ्यात आट्यांसकट बाहेर येतो.

रिव्हेट मास्टच्या पृष्ठभागाला समांतर ओढ उत्तम सोसतो, पृष्ठभागापासून सरळ बाहेर खेचणारी ओढ मात्र नाही. त्यामुळे हॅलयार्डचं (शीड वर चढवायच्या दोरीचं) क्लीट, गूसनेक (शिडाच्या तळाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, मास्टला जोडणारा सांधा), किकरचा टँग (बूम खाली ओढणाऱ्या दोरीची मास्टवरची पट्टी) यांना रिव्हेट चांगला. स्पिनेकर पोलची (पुढच्या फुगीर शिडाच्या दांड्याची) रिंग बाहेरही खेचते, तिथे जाड भिंत असेल तर स्क्रू, नाहीतर रुंद तळाचं फिटिंग घेऊन रिव्हेट वाढवा.

नट-रिव्हेट, म्हणजे आत आटे असलेला रिव्हनट, हा मधला मार्ग अनेकांना भुरळ घालतो. वारंवार काढायच्या हलक्या वस्तूंना तो ठीक आहे. भारासाठी आम्ही सुचवत नाही, कारण वर्षा-दोन वर्षांत स्क्रू त्यात जाम होतो आणि फिरवायला गेलं की अख्खा रिव्हनटच भोकात गरगर फिरतो.

४. रिव्हेट कोणत्या धातूचा आणि किती जाडीचा घ्यावा?

अॅल्युमिनियमचा रिव्हेट मास्टशी धातू म्हणून जुळतो, पण मऊ. विंड इंडिकेटर किंवा दोरी अडकवायचा छोटा हुक एवढ्यापुरता घ्या. भार असलेल्या जागी मोनेल. निकेल आणि तांब्याचा हा मिश्रधातू ताकदीला अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी पुढे आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारा. स्टेनलेसचा रिव्हेट मोनेलइतकाच भरवशाचा, पण ओढायला फार जड.

डिंगीवर ४.८ मिमी जाडी बहुतेक ठिकाणी पुरते. मोठ्या बोटीच्या गूसनेकला ६.४ मिमी लागतो. अॅल्युमिनियमचा ४.८ साध्या हातातल्या गनने ओढता येतो. मोनेलला लांब दांड्यांची दोन हातांची गन घ्या. ६.४ चा स्टेनलेस लहान गनवर ओढायला गेलात तर गनचे जबडे घसरतात आणि अर्धवट बसलेला रिव्हेट पुन्हा ड्रिलने काढत बसावं लागतं.

लांबी ठरवताना फिटिंगची जाडी आणि भिंतीची जाडी यांची बेरीज करा. डब्यावर ग्रिप रेंज (किती जाडीला तो रिव्हेट चालतो) लिहिलेली असते, बेरीज त्या रेंजच्या मधोमध यावी. जास्त लांब रिव्हेट आत नीट फुलत नाही आणि आतल्या हॅलयार्डला घासतो.

५. हे सगळं पुण्यात कुठे मिळेल? आणि खाऱ्या पाण्याला टिकणारं ३१६ स्टेनलेस म्हणून साधं ३०४ गळ्यात मारलं तर?

ड्रिल बिट, टॅप (आटे पाडायचं हत्यार), टॅप पाना, कानशी, अॅल्युमिनियमचे रिव्हेट, गन: रविवार पेठेत बोहरी आळी. तिथे मोनेल रिव्हेट मागितला तर दुकानदार सहसा नुसता बघत राहील, तो मरीन सामान विकणाऱ्यांकडूनच मागवावा लागतो. फिटिंगखाली घालायचा नायलॉन किंवा एचडीपीई प्लॅस्टिकचा पॅड (प्रश्न ९) टर्न करून घ्यायचा तर भोसरीत एखादं लहान वर्कशॉप गाठा. मात्र मास्टच्या घेराचा पुठ्ठ्याचा साचा कापून न्या, तोंडी माप सांगू नका.

३०४ की ३१६ हे चुंबकाने कळत नाही. दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत, आणि थंड घडवलेलं डोकं दोन्हींत किंचित चिकटू शकतं. बोल्टच्या डोक्यावरचा ठसा वाचा: ए२-७० म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४-७० म्हणजे ३१६ च्या. एम५ च्या वरच्या हेक्स आणि अॅलन बोल्टवर हा ठसा बहुधा असतो. धरणात ए२ वर्षानुवर्षं चालतं, समुद्रावर जाणार असाल तर ए४ च घ्या.

६. गोल मास्टवर खूण नेमकी मध्यावर कशी करायची? डोळ्याने केली तर तिरकी येते.

शिडाची खाच हीच तुमची मध्यरेषा. जाड कागदाची पट्टी मास्टभोवती गुंडाळा आणि पट्टीची कड स्वतःवर बरोबर जुळेपर्यंत फिरवा. ती जुळली की ती रेषा मास्टच्या अक्षाला काटकोनात आहे. जिथे टोकं भेटतात तिथे कापा आणि पट्टीचे चार सारखे भाग होतील अशा घड्या घाला. एक टोक खाचेच्या मध्यावर धरून पट्टी पुन्हा गुंडाळली की घड्यांवर समोरची आणि दोन्ही बाजूंची मध्यं मिळतात. हे फक्त गोल आणि सम आकाराच्या मास्टला लागू. थेंबाच्या आकाराच्या मास्टला दोन्ही बाजू खाचेपासून वेगवेगळ्या मोजा.

मग मास्किंग टेप लावा, त्यावर फिटिंग धरून पेन्सिलने भोकांची खूण करा आणि सेंटर पंचने ठोका. पंच वगळला तर गोल पृष्ठभागावर बिट घसरतं आणि अॅनोडायझिंगवर (अॅल्युमिनियमवरच्या संरक्षक थरावर) लांब ओरखडा उठतो. सगळी भोकं एकदम पाडू नका. एक पाडा, फिटिंग तात्पुरतं अडकवा, मग दुसऱ्याची खूण तपासा.

७. भोक पाडायची आणि आटे पाडायची पद्धत पायरीपायरीने सांगा.

आधी आतल्या दोऱ्या आणि वायर बाजूला घ्या. हॅलयार्ड काढून त्या जागी बारीक मार्गदर्शक दोरी ठेवली तर उत्तम, नाहीतर निदान ती ताणून विरुद्ध भिंतीला लावा. बिटवर टेपचा जाड वेढा मारून खोली मर्यादित करा, कारण भिंत फुटताच ड्रिल आत झेप घेतं.

३ मिमीचं पायलट भोक, मग अंतिम माप. रिव्हेटसाठी ४.८ ला ४.९ मिमी आणि ६.४ ला ६.५ मिमी. आट्यांसाठी एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५.० मिमी. नेमका गोंधळ इथेच होतो: एम५ म्हणून सरळ ५ मिमीचं भोक पाडलं की आटे उरतच नाहीत. तसं झालंच असेल तर एम६ वर जा, भिंत परवानगी देत असेल तर.

टॅप करताना रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चे थेंब टाका. अॅल्युमिनियम कोरडं कापलं तर टॅपच्या खाचांत चिकटून बसतं आणि पुढचे आटे फाडतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चुरा मोडत चला. टॅप सरळ आहे का हे दोन बाजूंनी गुण्या लावून तपासा. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तो सरळ करता येत नाही.

शेवटी बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार, काढा. बाहेरची मोठ्या बिटने हाताने फिरवून निघते. आतली हाताला येत नसेल तर बारीक गोल कानशीने जमेल तेवढी घासा. आतली बर हॅलयार्डचं आवरण सोलते.

आणि एक विनंती: हे काम धरणाच्या काठावर करू नका. खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळांना येतं, त्यात कटिंग ऑइल आणि चुरा नको. पार्किंगमध्ये जुनं पोतं अंथरून करा.

८. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसमध्ये पेस्ट लावायलाच हवी का? गोड्या पाण्यात काय होणार आहे?

लावायलाच हवी. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी असलं की अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होतं, स्टेनलेस तसंच चकचकीत राहतं. गोड्या पाण्यात वेग कमी असतो, पण एकदा समुद्रावर शर्यतीला जाऊन आलेलं मीठ आट्यांत अडकून वर्षभर काम करत राहतं. रंगाखाली फोड आले, स्क्रूभोवती पांढरी कड दिसली, की समजा सुरुवात झाली.

ड्युरालॅक किंवा टेफ-जेल ही गंजरोधक पेस्ट आट्यांत, भोकाच्या कडांना आणि फिटिंगच्या तळाला लावा. भोक पाडलं की तिथलं अॅनोडायझिंग गेलेलं असतं, म्हणून कड महत्त्वाची. पेस्ट नसेल तर लॅनोलिन (लोकरीतून निघणारा मेणासारखा पदार्थ) चालेल, फक्त दर हंगामात पुन्हा लावावं लागेल. फिटिंगच्या तळाखाली पातळ नायलॉनचा तुकडा किंवा पीव्हीसी इन्सुलेशन टेपचे दोन थर घाला. गॅरेजमधली तांब्याची किंवा ग्रॅफाइटची अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) इथे मुळीच नको, ती गंज रोखत नाही, वाढवते.

पेस्ट लावलेल्या आट्यात थ्रेड लॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) धरत नाही, दोन्हींपैकी एकच वापरा. सील करायला सिलिकॉन घ्यायचं तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन आम्ल सोडतं आणि अॅल्युमिनियमला खातं.

९. क्लीटचा तळ सपाट आहे, मास्ट गोल. तसंच आवळलं तर?

तळ फक्त मधल्या एका रेषेवर टेकतो, क्लीट डुगडुगतं आणि दर ओढीला रिव्हेट थोडे सैल होतात. काही महिन्यांत भोकं अंडाकृती. मास्टच्या घेराला जुळणारा पॅड मध्ये हवा. विकत मिळाला तर ठीक, नाहीतर नायलॉनचा करून घ्या (प्रश्न ५).

हलक्या भाराला घरगुती उपाय: मास्टवर किचनची क्लिंग फिल्म ताणून लावा, क्लीटच्या तळाला एम-सील थापा, जागेवर दाबून कडा बोटाने नीट करा आणि घट्ट होऊ द्या. मग काढा, कानशीने कडा घासा, भोकं पाडा आणि पेस्ट लावून बसवा. एम-सीलने फक्त पोकळी भरायची, भार रिव्हेटनेच घ्यायचा.

१०. भोकं कुठे पाडू नयेत?

स्प्रेडरजवळ (आधाराच्या तारा मास्टपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांजवळ), गूसनेकच्या अगदी वर-खाली आणि डेकमधून जाणाऱ्या मास्टला डेकच्या पातळीजवळ. मास्ट सर्वात जास्त वाकतो तो याच जागी. एकाच उंचीवर घेराभोवती तीन-चार भोकं ओळीने पाडणं तर पोस्टाच्या तिकिटांची छिद्रं पाडण्यासारखं आहे, मास्ट तिथेच फाटतो. भोकं वर-खाली सरकवा, दोन भोकांच्या मध्यांत निदान व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवा. तळाशी पाणी निघायचं भोक असतं, त्यावर काही बसवू नका.

११. हॅलयार्ड बाहेर काढायला खाच पाडायची आहे.

लांब खाच भोकापेक्षा धोक्याची, म्हणून प्रश्न १० चे नियम दुप्पट लागू. दोन हॅलयार्डांच्या खाचा समोरासमोर नकोत, एक निदान हातभर वर घ्या. खाचेच्या दोन्ही टोकांना तिच्या रुंदीएवढी गोल भोकं पाडा, मधला भाग धातूच्या पात्याच्या जिगसॉने कापा आणि कडा कानशीने साफ करा. टोक चौकोनी ठेवलं तर कोपऱ्यातून तडा सुटतो, आणि तो रंगाखाली असेपर्यंत दिसत नाही. खाचेला प्लेट किंवा रोलरचं फिटिंग बसवाच, उघड्या कडेवर दोरी टिकत नाही.

१२. क्लीट कोणत्या कोनात आणि किती मोठं?

दोन शिंगांचं क्लीट दोरीच्या रेषेला १० ते १५ अंश तिरकं. सरळ लावलं तर पहिला वेढाच शेवटच्या वेढ्याखाली दबतो. लांबी दोरीच्या जाडीच्या सुमारे १६ पट: ६ मिमीच्या दोरीला १०० मिमी, ८ मिमीच्या दोरीला १३० मिमी. दोरी दोन दातेरी जबड्यांत पकडणाऱ्या कॅम क्लीटला हा कोन लागू नाही, तिथे दोरी सरळ जबड्यात जायला हवी.

१३. डिंगीचा मास्ट हवाबंद आहे. भोक पाडलं तर काय बिघडतं?

बोट उलटल्यावर हवाबंद मास्ट तरंगतो आणि बोट आडवीच थांबते. आत पाणी शिरलं की मास्ट बुडतो, बोट पूर्ण पालथी होते आणि उथळ पाण्यात त्याचं टोक गाळात रुततं. म्हणून बंद टोकाचे, सील्ड रिव्हेट घ्या आणि प्रत्येकाखाली न्यूट्रल सिलिकॉनचा ठिपका द्या. तपासायला मास्ट कोरडा असताना काट्यावर वजन करा, मुद्दाम बोट उलटवून दहा मिनिटं ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. जेवढे किलो वाढले तेवढे लिटर पाणी आत आहे.

१४. जुना स्क्रू हलतच नाही, आणि जुना रिव्हेट ड्रिल करताना बिटसोबत फिरतो.

स्क्रूवर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा. मग हीट गनने भोवतालची भिंत गरम करा, अॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. गॅसची ज्योत नको, कारण प्रश्न १५ मध्ये. आधी किंचित आवळून मग सोडवा. डोक्यावर बरोबर बसणारा पेचकस लावून हातोडीचा ठोका देणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर बहुतेक काम करतो.

रिव्हेटला त्याच्याच मापाचं बिट घ्या आणि फक्त डोकं उडवा, उरलेलं पंचने आत ढकला. फिरत असेल तर डोक्याच्या कडेखाली पातळ छिन्नी घट्ट दाबून धरा.

१५. जुनी भोकं भोसरीत आर्गन वेल्डिंग करून बुजवली तर?

नको. मास्टचं अॅल्युमिनियम ६०६१ किंवा ६०८२ जातीचं, उष्णतेने कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते भोवती मऊ पडतं, ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. वेल्डर कितीही हातखंड्याचा असला तरी धातूचा हा गुण बदलत नाही, आणि मास्ट नेमका शिवणीशेजारी मोडतो. भोकात पेस्ट लावून अॅल्युमिनियमचा रिव्हेट मारा, झालं. भोक मोठं किंवा फाटलेलं असेल तर आतून-बाहेरून वक्र पट्टी बसवून रिव्हेट करणं हा जाणकार रिगरला दाखवून करायचा उपाय.

१६. लाकडी किंवा कार्बन मास्टला हेच लागू होतं का?

लाकडी: भोक मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध स्क्रूचं पायलट भोक घ्या. धातूला लाकूड लागत नाही आणि पाणी तंतूंत शिरत नाही. पुण्याच्या पावसात उघड्या भोकाला सडायला एक हंगाम पुरतो.

कार्बन: अॅल्युमिनियमचा रिव्हेट कार्बनमध्ये कधीही नको, त्याची भुकटी फार लवकर होते. मोनेल किंवा स्टेनलेस घ्या, त्या जागी आधी कापडाचे जादा थर चढवा, धारदार बिट हळू दाबाने चालवा आणि मास्क लावा.

१७. मास्ट न उतरवता वर चढून काम केलं तर?

डिंगीत प्रश्नच नाही, बोट हिरवळीवर आडवी करा. कीलबोटीवर बोसन्स चेअर (मास्टवर चढायची दोरीने ओढलेली बैठक), दोन वेगळ्या हॅलयार्ड आणि खाली दोन अनुभवी माणसं असली तर स्क्रू बदलण्याइतपत ठीक. टॅपिंग आणि ६.४ चे रिव्हेट खालीच करा.

मास्ट उभा करून ट्रॉली ढकलण्याआधी वर बघा. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या विजेच्या तारेला नियमाने किमान ५.८ मीटर उंची लागते, उन्हाळ्यात ती आणखी झोळते, आणि ट्रॉलीवर ठेवलेल्या बऱ्याच डिंग्यांचा मास्ट त्याच्या वर जातो. वळवाचे ढग जमले असतील तर मास्ट आडवाच ठेवा.

१८. रिव्हेट बसवले, पण आता मास्ट हलवला की आत खुळखुळतं.

रिव्हेटच्या तुटलेल्या दांड्या किंवा जुन्या रिव्हेटची शेपटं. वरून न दिसणारा हा कचरा हॅलयार्ड कापतो आणि दांडी साध्या स्टीलची असेल तर आत गंजते. खालचं टोक उघडं असेल तर मास्ट तिरका धरून हलकेच आपटा. नाही निघालं तर दोरीला चुंबक बांधून आत सोडा, स्टीलच्या दांड्या चिकटून येतील. अॅल्युमिनियमची शेपटं चुंबकाला येत नाहीत, त्यांना व्हॅक्यूम क्लीनरला लांब पाइप जोडून ओढा. भोकातच अडकलेली स्टीलची दांडी बारीक पंचने ढकलून काढा आणि त्या जागी सिलिकॉनचा ठिपका द्या.